शेवटच्या डब्याची पाटी

पगारेबाईंना खुर्चीत पाठ टेकून बसलेलं मी बारा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. खुर्ची चांगली फिरती होती, कंपनीनं सगळ्यांना दिली तेव्हा त्यांनाही दिली होती. पण बाई तिच्या कडेवर जेमतेम टेकायच्या, एक पाय जमिनीवर तयार ठेवून. बोलायला लागल्या की उठायच्या आणि विचार करायला लागल्या की चालायच्या. नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये चाचणीच्या काचेच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक मोकळा पट्टा होता. तिथली फरशी बाईंनी झिजवली, असं आम्ही म्हणायचो. 'बाई पट्ट्यावर आहेत' असं कुणी सांगितलं की समजायचं, काहीतरी अडलंय, आता चहाला त्यांना हाक मारण्यात अर्थ नाही.

मला त्यांचा फार राग यायचा. मी बैठा माणूस. माझं काम कागदांचं, आणि माझ्या टेबलासमोरून दर दोन मिनिटांनी कुणी येरझारा घालायला लागलं की माझी ओळ चुकते. एकदा मी म्हणालो, "पगारेबाई, जरा बसा की. तुमच्याकडे बघून मला धाप लागते."

"तुम्हाला जिना चढूनही लागते, निकमभाऊ," असं म्हणून त्या टाकीच्या दिशेला निघून गेल्या.

आमची कंपनी लहानशी. दवाखान्यात नवजात बाळांना ऊब देणारी काचेची पेटी असते, तिच्यात बसणारं तळहाताएवढं यंत्र आम्ही बनवायचो. पेटीतली ऊब ठरावीक अंशाच्या वर गेली की हीटर बंद करायचा, एवढंच त्याचं काम. प्रत्येक नग तपासूनच बाहेर जायचा. तपासायची जबाबदारी पगारेबाईंची, आणि तपासल्याच्या दाखल्यावर सही माझी. म्हणजे बाई म्हणतील ते खरं, असं मी बारा वर्षं लिहून देत होतो.

बाई मनमाडच्या. वडील रेल्वेत, मनमाडच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनावर. गाडी जाताना हिरवं निशाण धरून उभं राहायचं, अशी त्यांची नोकरी. लहानपणी बाई डबा द्यायला जायच्या आणि वडिलांशेजारी उभ्या राहायच्या. पोरांचं लक्ष इंजिनाकडे असतं. वडील, म्हणजे बाईंचे दादा, मात्र त्यांची मान धरून गाडीच्या शेपटीकडे वळवायचे. शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक छोटी पाटी टांगलेली असते, ती बघायची. ती दिसली तर गाडी सगळीच्या सगळी आली. दिसली नाही तर मधली कडी कुठंतरी तुटलीय आणि मागचे डबे रुळावरच उभे आहेत, म्हणजे मागून येणारी गाडी थांबवलीच पाहिजे. "आमचे दादा म्हणायचे, डबे मोजत बसू नको. शेवटचा बघ. शेवटचा आला म्हणजे सगळे आले," हे बाईंनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल.

आणि हे त्या फक्त सांगायच्या नाहीत, जगायच्या. लग्नाला गेल्या की पंगतीत शेवटच्या माणसाच्या पानात भात पडला का हे बघून मगच स्वतः जेवायला बसायच्या. विहारातल्या मुलांना दर वर्षी लेण्यांवर न्यायच्या तेव्हा सगळ्यांत रेंगाळणारं पोर हेरून त्याला शेवटी चालायला लावायच्या. एकदा आम्ही ऑफिसचे सगळे अंजनेरीला गेलो होतो. पायथ्याशी बाईंनी आमच्यावरून एक नजर फिरवली, पर्समधून लाल ओढणी काढली आणि सरळ माझ्या दंडाला बांधली.

"हे काय?"

"तुम्ही पाटी. तुमच्या मागे कुणी राहायचं नाही. लाल ओढणी खाली आली की मी बसवाल्याला सांगणार, चला."

दिवसभर सगळी कंपनी मला 'पाटी, ओ पाटी' म्हणत होती. उतरताना माझे गुडघे बोलायला लागले होते, पण एक गोष्ट कबूल करतो. त्या दिवशी पस्तीस माणसांत एकदाही कुणाला हाका मारत शोधावं लागलं नाही. मी दिसलो, बाई बसमध्ये चढल्या, बस निघाली.

आता ती भानगड सांगायला हवी. तिच्यात थोडं कॉम्प्युटरचं आहे, पण मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल.

चाचणीचा प्रोग्राम बाईंनी स्वतः लिहिलेला होता. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, प्रोग्राम लिहायला त्या पुस्तकं वाचून, रात्रशाळेतल्या पोरासारखा हट्ट धरून शिकल्या. त्यांच्या प्रोग्रामला बटणं नव्हती की चित्रं नव्हती. काळा पडदा, त्यावर प्रोग्रामचं नाव टाइप करायचं आणि त्याच ओळीत पुढे ट्रेमधल्या सहा नगांचे नंबर, मध्ये स्वल्पविराम देऊन. ओळ संपली की एंटर. पेटी तापायची, मग प्रोग्राम एकेक नग तपासून पास की नापास ते फाइलमध्ये लिहायचा. तो ती ओळ स्वल्पविरामापाशी तोडायचा, सहा तुकडे करायचा, सहा नग तपासायचा. कितीतरी वर्षं बिनतक्रार चाललं.

तक्रार आली ती आमच्या बोटांची. ओळ टाइप करायची छाया. सटाण्याकडची, कामाला चलाख आणि टायपिंगला ढिसाळ. कधी स्वल्पविरामानंतर जागा सोडायची, कधी दोन स्वल्पविराम, कधी शेवटी एक लटकता ठेवायची. प्रोग्राम अडायचा, छाया हाक मारायची आणि बाई पट्ट्यावर. शेवटी एका शनिवारी त्यांनी ठरवलं, की ओळ कशीही येऊ दे, प्रोग्रामनं समजून घ्यायचं. त्यासाठी रेगेक्स नावाची एक युक्ती असते. ओळ कशी दिसू शकते याचा नमुना खुणांनी लिहून ठेवायचा, म्हणजे मशीन ती नमुन्यावर ताडून बघतं. बाईंनी लिहिलेला नमुना मराठीत सांगायचा तर असा: एक आकडा, आजूबाजूला जागा असली तर असो, मग स्वल्पविराम असला तर असो, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा, कितीही वेळा. त्यातला आकडा कंसात घातला, कारण कंसातलं मशीन आपल्यासाठी राखून ठेवतं.

"पाऊण ओळीत बसवलं, निकमभाऊ," त्या मला म्हणाल्या. मला त्या खुणा पालीच्या पावलांसारख्या दिसल्या, पण बाई इतक्या खूश होत्या की चक्क अर्धं मिनिट खुर्चीत बसल्या.

त्यांनी चाचपूनही पाहिलं. छायाला मुद्दाम गबाळी ओळ टाइप करायला लावली. प्रोग्राम अडला नाही. फाइल उघडली, ट्रेमधला शेवटचा नंबर फाइलमध्ये होता आणि पुढे लिहिलं होतं, पास. बाईंनी मान हलवली. शेवटचा आला होता.

वर चाचणीची दहा मिनिटंही वाचायला लागली. बाईंनी त्याच शनिवारी नग वाचण्याची गती वाढवली होती, म्हणून वेळ वाचणार हे अपेक्षितच होतं. आमचे मालक बोरसेसाहेब एवढे खूश झाले की सगळ्यांना पेढे वाटले. मीही दाखला लिहिताना ट्रेच्या चिठ्ठीवरचा शेवटचा नंबर फाइलमध्ये शोधायचो, पास दिसलं की सही ठोकायचो. ही सवय मला बाईंनीच लावलेली.

सात आठवडे असे गेले.

बाईंच्या ड्रॉवरमध्ये एक 'खोटा नग' असायचा. मुद्दाम बिघडवलेला, पाठीला नेलपॉलिशचा ठिपका. महिन्या-दोन महिन्यांनी त्या तो कुठल्यातरी ट्रेमध्ये घालायच्या आणि प्रोग्राम त्याला नापास करतो का ते बघायच्या. घालायच्या तो नेहमी शेवटच्या खाचेत. त्या दिवशी शेवटच्या खाचेची स्प्रिंग ढिली झाली होती. तिथं नग नीट बसेना, म्हणून छायानं तिथं आधीच दाबून बसवलेला चांगला नग हलवला नाही आणि खोटा नग तिसऱ्या खाचेत ठेवला. चहाच्या आधी तिनं काचेच्या खोलीतून डोकं बाहेर काढलं.

"ताई, तुमना खोटा नग तं पास व्हई गया."

बाई हसल्या. "परत लाव."

परत लावला. ट्रे परत पास झाला. बाईंनी फाइल उघडली आणि तिथं उभ्या राहिल्या. बाई पट्ट्यावर गेल्या नाहीत, जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा मी टेबलावरून उठलो. फाइलमध्ये त्या ट्रेपुढे एकच नंबर होता. शेवटचा. मागचा ट्रे, त्याच्या मागचा, सगळीकडे एकेकच.

नंतर बाईंनी मला समजावलं. मशीनला 'हे पुन्हा पुन्हा' असं सांगितलं की ते ओळीतला प्रत्येक आकडा बघतं, ओळ बरोबर आहे म्हणून मान हलवतं, पण कंसाच्या मुठीत ठेवतं फक्त शेवटचा. नवा आला की आधीचा सोडून देतं. लग्नात दारात उभं राहून आपण शंभर जणांचा हात हातात घेतो आणि शेवटी हातात राहतो तो शेवटच्याचा, तसं. ज्यांना हे माहीत असतं ते पहिल्या दिवशीच सगळे निघाले का ते बघतात. बाईंनी शेवटचा बघितला. दादांच्या गाडीत शेवटचा डबा एकटा कधीच येत नाही, मधले सगळे त्याला ओढत आणतात. इथं तो एकटाच आला होता आणि बाईंनी हिरवं निशाण दाखवलं होतं.

बावन्न ट्रे. प्रत्येकातले पाच न तपासलेले. दोनशे साठ नग, त्यातले एकशे चाळीस आमच्याच स्टोअरमध्ये आणि एकशे वीस बाहेर, कुठल्या कुठल्या दवाखान्यांत. प्रत्येकाच्या दाखल्यावर माझी सही. खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझ्या मनात बाळांचा नाही, सहीचा आला. याची लाज मला आजही वाटते.

बोरसेसाहेब माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. म्हणाला, "स्टोअरमधले आजच तपासा. बाहेरच्यांचं बघू. सात आठवड्यांत एक तरी तक्रार आली का? आपला माल चांगला असतो, बाई. शंभरात एखादा निघतो."

"तो एखादा कुठं आहे, साहेब?"

"तक्रार आली की बदलून देऊ ना."

बाई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "ज्याला चटका बसणार त्याला बोलता येत नाही. दोन दिवसांचं बाळ तक्रार कुठं नोंदवणार?"

साहेब म्हणाले, सगळीकडे पत्रं गेली तर मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल, चाळीस माणसांचं काम आहे इथं. तेही काही खोटं नव्हतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पत्रात माझं नाव घाला. कंपनी चुकली म्हणू नका. चाचणी विभागातल्या सुमन पगारे यांच्या हातून चूक झाली, त्यांनीच ती शोधली, नग परत पाठवा. निकमभाऊंच्या सहीचा विषय काढू नका, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

मी तिथं होतो. 'मीही बघायला हवं होतं' एवढं वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. दोन दिवस साहेबांनी पत्र अडवून ठेवलं, दोन दिवस बाई त्यांच्या केबिनबाहेर चालत राहिल्या. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सही केली. मला वाटतं, येरझाऱ्यांना कंटाळूनच केली.

नग यायला लागले. बाईंनी भिंतीवर दोनशे साठ चौकटींचा तक्ता लावला, आणि नग आला, तपासला, की त्या चौकटीत स्वतःच्या हातानं फुली. प्रोग्राम त्यांनी चूक सापडली त्याच दिवशी दुरुस्त केला होता. आता तो आधी किती नंबर दिले ते मोजायचा, मग किती हातात आले ते मोजायचा, आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर पुढे जायचाच नाही. दोनशे साठातले दोन नापास झाले. एक आमच्या स्टोअरमधला. दुसरा विंचूरकडच्या एका दवाखान्यातून परत आलेला. तिथं तो महिनाभर पेटीत बसवलेला होता. काही झालं नव्हतं, कारण तिथल्या सिस्टरला मशीनवर भरवसा नव्हता आणि ती दर तासाला हात लावून बघायची. बाईंनी तिला फोन केला, आभार मानले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हाताचे तळवे साडीला पुसत राहिल्या.

महिन्याभरात तक्ता भरला. एक चौकट सोडून. नग क्रमांक तेवीसशे चौदा.

डीलरच्या वहीत तो पेठकडच्या एका छोट्या दवाखान्याच्या नावावर होता. फोन लागेना, म्हणून बाई म्हणाल्या, मी जाते. मी म्हणालो, मीही येतो. निदान एवढं तरी. एसटीत जागा रिकाम्या असून बाई दारामागच्या दांड्याला धरून उभ्या. पर्समध्ये तपासलेला नवा नग, जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेला. दवाखान्याला कुलूप. शेजारच्या घरासमोर एक मावशी नागली पाखडत बसली होती. ती तिथं झाडलोट करायची.

"दवाखाना बंद पडला बाई. डाक्टर गेला."

"ती बाळांची पेटी होती ना, काचेची?"

"व्हती ना. सुरगाण्याच्या अंगाला नेली कोणी. टेम्पोत घातली. नाव नाय म्हाईत."

"चालू होती का? बाळ ठेवायचे का तिच्यात?"

"लय ठेवले. आमचा नातू व्हता की दोन दिस."

"बरा आहे ना तो?"

"निजलाय तिकडं झोळीत," मावशीनं सुपानंच दाखवलं. बाई त्या हलणाऱ्या झोळीकडे बघत राहिल्या, ती थांबेपर्यंत. सुरगाण्याला आम्ही तीन दवाखाने पालथे घातले. पेटी नव्हती.

महिनाअखेर बाईंनी राजीनामा दिला. मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं, त्या बाई अजून चाचणीवर आहेत का. साहेबांनी त्यांना दुसरं काम देऊ केलं, बाईंनी नाही म्हटलं. जाताना ड्रॉवर रिकामा केला आणि खोटा नग माझ्या टेबलावर ठेवला. "हा छायाला द्या. सांगा, दर वेळी वेगळ्या खाचेत घालायचा." तक्ता मात्र उतरवू दिला नाही. मग मला म्हणाल्या, "निकमभाऊ, डीलरला दर एक तारखेला फोन करायचा. तेवीसशे चौदा." मी हो म्हणालो, आणि ही एक गोष्ट मी पाळली.

दोन वर्षांनी, गेल्या उन्हाळ्यात, बहिणीला सोडायला नाशिकरोड स्टेशनला गेलो होतो. तिची गाडी गेली आणि परत फिरताना फलाटाच्या पार टोकाला, जिथं शेड संपतं, तिथं पगारेबाई दिसल्या. केस सगळे पांढरे. मी हाक मारली. त्यांनी वळून न बघता हात वर केला, थांबा. समोरून मालगाडी जात होती. बाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता आणि ओठ हलत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. वाघिणी धडधडत राहिल्या. शेवटची गेली, तिच्या पाठीवरची पाटी गेली, बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

"एकोणसाठ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, आणि कसे आहात वगैरे काही नाही. "तेवीसशे चौदा?"

"अजून नाही."

"फोन करता ना?"

"दर एक तारखेला."

त्यांनी मान हलवली. दोन वर्षं तोंडात अडकलेलं वाक्य मी तेव्हा बोललो. म्हणालो, "बाई, ती सही माझी होती. मीही बघायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "बघायला हवं होतं." त्यात राग नव्हता. बऱ्याच दिवसांनी मला जरा मोकळं वाटलं.

मनमाडकडे जाणारी गाडी लागली. बाई चढल्या. खिडकीजवळची जागा रिकामी दिसत होती, पण त्या दारातच उभ्या राहिल्या, एक हात दांड्याला. गाडी हलली. मी हात केला, त्यांनी केला की नाही दिसलं नाही, कारण तोवर माझी मान आपोआप गाडीच्या शेपटीकडे वळली होती. शेवटचा डबा आला, पाठीवरची पाटी दिसली, आणि मी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग लक्षात आलं, डबे मी मोजलेच नव्हते.